तिसरा हार्मोनिक फेजमध्ये भरपूर, न्यूट्रलमध्ये जवळजवळ नाही: भोसरीतलं मोजमाप, मतं हवीत

एलटी_इन्कमर

मंडळी, भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्रेकाम आणि स्पॉट वेल्डिंग युनिटची रीडिंग देतो आहे. कोडं आहे, म्हणून धागा. (नवख्यांसाठी: हार्मोनिक म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सीचा करंट किंवा व्होल्टेज. तिसरा १५० हर्ट्झ, पाचवा २५०.)

ट्रान्सफॉर्मर २२ केव्ही / ४३३ व्होल्ट, ५०० केव्हीए, डीवायएन-११ (२२ केव्ही बाजू डेल्टा, ४३३ बाजू स्टार, न्यूट्रलसह), इम्पिडन्स ५ टक्के. लोडमध्ये स्पॉट वेल्डिंगची आठ मशीनं (थायरिस्टरवाली, दोन फेजांवर चालणारी), सहा-पल्स ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे) सहा, मिळून १६५ किलोवॅट, एकालाही चोक (करंट सपाट करणारी कॉइल) नाही. शिवाय कॉम्प्रेसर आणि किरकोळ. एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारी कपॅसिटर बँक) ३०० केव्हीएआर, ५० च्या सहा स्टेप, कपॅसिटरच्या सिरीजमध्ये ७ टक्क्यांचे रिॲक्टर (कॉइल).

लोडवर लाइन व्होल्टेज: आर-वाय ४०५, वाय-बी ४२०, बी-आर ४१५.
करंट: आर ५२०, वाय ४९५, बी ३४० अँपिअर.
तिसरा हार्मोनिक: आर ५८, वाय ५५, बी ९. न्यूट्रलमध्ये तिसरा फक्त १२.
पाचवा: ७०, ६६, ६१.
व्होल्टेज टीएचडी (सगळे हार्मोनिक मिळून होणारी विकृती) ३.४ टक्के. त्यात आर-वायमध्ये तिसरा १.६.

तक्रारी: एपीएफसीचे रिॲक्टर गुरगुरतात आणि हात लावता येत नाही इतके तापतात, दोन स्टेपचे कपॅसिटर फुगलेत, आणि दोन ड्राइव्ह अधूनमधून 'इनपुट फेज लॉस' दाखवून ट्रिप होतात. फेज तर तिन्ही आहेत! सल्लागारांचं म्हणणं, पाचवा-सातवा जास्त आहे, ॲक्टिव्ह फिल्टर (उलटा करंट सोडून हार्मोनिक मारणारं यंत्र) बसवा. पण टीएचडी ३.४ म्हणजे आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मानकातल्या ८ टक्क्यांच्या मर्यादेत अगदी आरामात. मग दुखणं कुठलं?

शून्यक्रम

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. आर ५८, वाय ५५, बी ९, न्यूट्रल १२. ही ओळ परत वाचा.

तिसरा म्हटला की तो न्यूट्रलमध्ये जमा होणार, हे आपल्याला पाठ झालेलं असतं. तो नियम खरा आहे, पण तिन्ही फेजांत तिसरा सारखा असेल तरच. मूळ फ्रीक्वेन्सीत फेज १२० अंशांनी पुढेमागे असतात. तिसऱ्यात तो फरक तिप्पट होऊन ३६० होतो, म्हणजे तिघंही एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली. हा शून्यक्रम. पाचवा उलटा फिरतो, तो ऋणक्रम. सातवा सुलटा, धनक्रम. हे सगळं संतुलित लोडचं गणित.

तुमची वेल्डिंग मशीनं आर आणि वायच्या मध्ये बसलीत. आर मधून गेलेला करंट वाय मधून परत येतो, न्यूट्रलला कळतसुद्धा नाही. अशा लोडचा तिसरा हार्मोनिक निम्मा धनक्रम, निम्मा ऋणक्रम असतो, शून्यक्रम अजिबात नाही. फोर्टेस्क्यूने १९१८ मध्ये मांडलेली क्रमघटकांची पद्धत आपण फॉल्टच्या गणितापुरती ठेवतो. ती प्रत्येक हार्मोनिकला स्वतंत्र लावा, चित्र लगेच स्वच्छ होतं.

एलटी_इन्कमर

पण ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टात तिसरा अडकतो ना? मग २२ केव्हीला काही जात नसेल.

शून्यक्रम

डेल्टा अडवते ती शून्यक्रमाला. 'तिसरा' हा आकडा पाहून ती काही करत नाही. तुमचा तिसरा शून्यक्रम नाही, त्यामुळे तो पाचव्यासारखाच सरळ पलीकडे जातो. आणि डेल्टात जोडलेल्या कपॅसिटर बँकेतही मजेत शिरतो. खरा शून्यक्रम तिसरा त्या बँकेत जाऊच शकत नाही. म्हणून असंतुलन आणि हार्मोनिक्स असे दोन वेगळे रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. असंतुलनानेच या तिसऱ्याला दार उघडून दिलंय.

केव्हीएआर_काका

आता त्या दारातून आत आल्यावर काय होतं ते पाहू. ७ टक्क्यांचा रिॲक्टर म्हणजे ट्यूनिंग १ भागिले ०.०७ चं वर्गमूळ, म्हणजे ३.७८ पट, १८९ हर्ट्झ. पाचव्यापासून वाचवण्यासाठी ही रचना. १८९ च्या वर बँक इंडक्टिव्ह, तिथे रेझोनन्सची (कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरने एकमेकांना झुलवून करंट वाढवण्याची) भीती नाही. पण १५० हर्ट्झ १८९ च्या खाली येतं! तिथे ती बँक साधा कपॅसिटरच असते आणि ट्रान्सफॉर्मरशी रेझोनन्स जमवू शकते.

तुमचे आकडे घालतो. ट्रान्सफॉर्मरचा रिॲक्टन्स ४३३ वर्ग भागिले १० एमव्हीए, ०.०१८७५ ओहम. ३०० केव्हीएआर नेट असेल तर कपॅसिटरचा रिॲक्टन्स ०.६७२ आणि रिॲक्टरचा ०.०४७ ओहम. पॅरलल रेझोनन्स = ०.६७२ भागिले (०.०४७ + ०.०१८७५), त्याचं वर्गमूळ, ३.२ पट. म्हणजे १६० हर्ट्झ. १५० च्या अगदी उशाशी.

१५० हर्ट्झला बँक उणे ०.०८३ ओहम, ट्रान्सफॉर्मर अधिक ०.०५६. वेल्डरने १ अँपिअर तिसरा सोडला की ट्रान्सफॉर्मरमधून ३.१ अँपिअर वाहतो आणि बँकेत २.१ अँपिअर फिरत बसतो. फक्त चार स्टेप, म्हणजे २०० केव्हीएआर चालू असतील तर हाच गुणाकार १.८. आणि कुणी हौसेने अजून दोन स्टेप वाढवून ४०० केले असते तर रेझोनन्स १५३ हर्ट्झवर येऊन बसला असता. मग विचारूच नका.

हिशोबात २२ केव्ही बाजूचा इम्पिडन्स आणि रेझिस्टन्स धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे जरा मऊ येतील. पडताळणी सोपी आहे. वेल्डिंग जोरात चालू असताना एपीएफसी मॅन्युअलवर घ्या. बँक पूर्ण बंद, मग २००, मग ३००, आणि प्रत्येक वेळी आर फेजचा तिसरा नोंदवा. स्टेप बंद करून पुन्हा घेताना कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला निदान एक मिनिट द्या, नाहीतर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतील.

टाँग_टेस्टर

पडताळणीआधी मोजायची पद्धत नीट करा, नाहीतर कष्ट वाया.

स्पॉट वेल्डिंगचा एक ठोका जेमतेम १० ते २० सायकलचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतला. दहा मिनिटांच्या सरासरीत तो विरघळून जातो. तुमची टीएचडी ३.४ दिसते आहे ती याचमुळे गोंडस दिसते आहे. ॲनालायझर २०० मिलिसेकंदाच्या विंडोवर ठेवा (५० हर्ट्झला बरोबर १० सायकल) आणि सरासरीबरोबर कमाल आणि ९५ टक्क्यांची किंमतही साठवा. मर्यादा तपासायला १० मिनिटांची, सात दिवसांची नोंद लागतेच, पण दुखणं शोधायला ती उपयोगाची नाही.

क्लॅम्प चार लावा, चौथा न्यूट्रलला. बाण ट्रान्सफॉर्मरकडून लोडकडे. एक जरी उलटा बसला तर पॉवर उणे दिसेल आणि क्रमघटकांचा पार विचका होईल. लवचिक कॉइल ३००० अँपिअरच्या रेंजवर ठेवून ५८ अँपिअरचा हार्मोनिक वाचू नका, खालची रेंज निवडा. साधा, ट्रू आरएमएस नसलेला टाँग टेस्टर ड्राइव्हच्या टोकदार करंटला बराच कमी दाखवतो. त्यावर भरवसा ठेवून केबल निवडणारे पाहिलेत, म्हणून सांगतो.

बसबारवर लीड लावताना सुरक्षा-श्रेणी पाहा, कॅट-३ १००० व्होल्ट किंवा कॅट-४ ६०० व्होल्टच्याच. महावितरणच्या मीटरिंग क्युबिकलला आणि सीलला हात नाही. आणि सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मरचं) सेकंडरी उघडं सोडायचं नाही, हे इथे लिहायची गरज नसावी. तरी लिहिलं.

एलटी_इन्कमर

केलं. आर फेजचा तिसरा: बँक बंद २० अँपिअर, २०० केव्हीएआरला ३६, ३०० ला ५८. काकांच्या गणिताला सलाम. वेल्डिंगची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा, ड्राइव्ह आणि पूर्ण बँक चालू असताना, ८.

गुरुवारी साप्ताहिक सुट्टीला सगळं बंद ठेवून व्होल्टेजही घेतलं: आर-वाय ४२४, वाय-बी ४३५, बी-आर ४३१.

शून्यक्रम

छान. आता असंतुलन. नेमाची (अमेरिकेतल्या विद्युत उत्पादकांच्या संघटनेची) सोपी व्याख्या: सरासरीपासून सगळ्यात मोठा फरक भागिले सरासरी. लोडवर सरासरी ४१३.३, फरक ८.३, म्हणजे २.०२ टक्के. खरी व्याख्या ऋणक्रम भागिले धनक्रम. त्यालाही कोन लागत नाहीत, तीन लाइन व्होल्टेज पुरतात. तिघांच्या चौथ्या घातांची बेरीज, भागिले वर्गांच्या बेरजेचा वर्ग, याला बीटा म्हणा. ३ वजा ६ बीटा, त्याचं वर्गमूळ काढा, ते क. मग (१ वजा क) भागिले (१ अधिक क), त्याचं वर्गमूळ. एक्सेलमध्ये दशांश कापू नका, बीटा एक-तृतीयांशाच्या इतका जवळ असतो की चौथ्या स्थानावर गोल केलात तर उत्तर हास्यास्पद येतं. तुमचं उत्तर २.१ टक्के. गुरुवारचं १.५. फेज-न्यूट्रल व्होल्टेज घेऊन हे करू नका, त्यात शून्यक्रम मिसळलेला असतो.

तुमच्या वेल्डरचा वाटा किती? बी फेजच्या वर आर-वायमध्ये साधारण १८० अँपिअर जास्त आहेत. ऋणक्रम १८० भागिले १.७३, म्हणजे १०४. गुणिले ०.०१८७५, जवळजवळ २ व्होल्ट, फेज व्होल्टेजच्या ०.८ टक्के. म्हणजे मोठा हिस्सा २२ केव्हीवरूनच येतोय.

फीडर_पिलर

थांबा, गुरुवारच्या रीडिंगवर इतका विश्वास नको. त्या दिवशी तुमचंच नाही, फीडरवरच्या शेजाऱ्यांचंही बंद असतं. शिवाय देखभालीचं काम असेल तर लाइन दुसऱ्या फीडरवरून घेतलेली असू शकते. कामाच्या दिवशी पाळी बदलताना, तुमचं बंद आणि बाकीचे चालू, अशी दहा-पंधरा मिनिटं मिळतात ती पकडा. तेव्हाही दीडच्या आसपास आलं तर महावितरणकडे लेखी द्या, सोबत सात दिवसांचा आलेख. तोंडी 'व्होल्टेज वाकडं येतंय' म्हटलं तर टॅप बदला म्हणून सांगतील, आणि टॅप बदलून असंतुलन जात नाही, तिन्ही फेज एकत्र वरखाली होतात.

शून्यक्रम

रास्त मुद्दा. २.१ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण मोटरचा ऋणक्रम इम्पिडन्स रोटर जाम असतानाच्या इम्पिडन्सइतका कमी असतो. सुरुवातीचा करंट सहापट असेल तर करंटचं असंतुलन व्होल्टेजच्या साधारण सहापट, इथे १२-१३ टक्के. तापमानवाढ असंतुलनाच्या वर्गाच्या दुपटीने, ९ टक्क्यांच्या जवळ. नेमा १ टक्क्याच्या वर मोटरचं रेटिंग कमी करायला सांगते आणि ५ च्या वर चालवूच नका म्हणते. कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये १०० हर्ट्झची घरघर येत असेल तर बेअरिंग बदलण्याआधी तिन्ही फेजचा करंट पाहा.

ड्राइव्हचं कोडंही यातच सुटतं. संतुलित सप्लायवर डीसी बसवर ३०० हर्ट्झची लहर असते. असंतुलन आलं की १०० हर्ट्झची लहर मिसळते. बरेच ड्राइव्ह फेज गेल्याचं याच लहरीवरून ओळखतात, त्यामुळे तिन्ही फेज असूनही ओरडतात. ती ट्रिप पॅरामीटरमधून बंद करून टाकायचा मोह होतो. करू नका, डीसी बसचे कपॅसिटर सुकतील. आणि चोक नसलेला ड्राइव्ह असंतुलित व्होल्टेजवर स्वतःही तिसरा ओढतो. जेवणाच्या सुट्टीतले तुमचे ८ अँपिअर बहुतेक तेच.

केव्हीएआर_काका

फुगलेल्या कपॅसिटरची नेमप्लेट वाचून सांगा. ४४० व्होल्ट असणार, पैज.

एलटी_इन्कमर

४४० च आहे.

केव्हीएआर_काका

रिॲक्टर सिरीजमध्ये आला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं. ४३३ भागिले ०.९३, ४६६ व्होल्ट. हार्मोनिक मोजायच्या आधीच रेटिंगच्या ६ टक्के वर! त्यात तिसऱ्याचे साधारण १७ आणि पाचव्याचे १५ व्होल्ट मिळवा. १० टक्क्यांपर्यंतचं जादा व्होल्टेज कपॅसिटरने २४ तासांत ८ तास सोसावं अशी अपेक्षा असते, तुमचा दिवसभर सोसतोय. ७ टक्क्यांसोबत निदान ४८० चा हवा, ५२५ चा उत्तम.

रिॲक्टर का तापतात तेही घ्या. कॅटलॉगमध्ये ७ टक्क्यांच्या रिॲक्टरला बहुधा तिसरा ०.५ टक्के, पाचवा ६, सातवा ५ टक्के व्होल्टेज एवढं गृहीत धरलेलं असतं. तुमचा पाचवा २.६ टक्क्यांच्या आसपास, त्याची काहीच तक्रार नाही. तिसरा १.६, गृहीताच्या तिप्पट. सल्लागार पाचव्या-सातव्याकडे बोट दाखवत होते आणि चोर तिसराच निघाला. (कोटी आपोआप झाली.)

टाँग_टेस्टर

उपाय काय मग? १४ टक्क्यांचे रिॲक्टर?

केव्हीएआर_काका

हो, पण डोळे उघडे ठेवून. १४ टक्के म्हणजे १३४ हर्ट्झ, १५० च्या खाली. तिथे तिसऱ्याला बँक इंडक्टिव्ह दिसते, वाढ संपली. उलट ३०० केव्हीएआरची बँक तिसऱ्याचा ४७ टक्के हिस्सा स्वतः पिते, म्हणून रिॲक्टर मागवताना तिसऱ्याचा आकडा लिहूनच द्या. कपॅसिटर ५२५ व्होल्टचेच. ४३३ भागिले ०.८६ म्हणजे ५०३ होतात. आणि ५२५ व्होल्टवरचा २५ केव्हीएआरचा डबा १४ टक्क्यांसोबत ४३३ ला १९.८ च देतो, हे धरून संख्या काढा. रिॲक्टर तेवढे बदलून जुने ४४० चे डबे ठेवणं म्हणजे फटाके.

दोन सापळे. पहिला: पैसे वाचवायला तीन स्टेप १४ च्या आणि तीन ७ च्या, असं कदापि नको. १३४ च्या वर १४ वाली इंडक्टिव्ह, १८९ च्या खाली ७ वाली कपॅसिटिव्ह, दोघींचा रेझोनन्स मधोमध, म्हणजे पुन्हा १५० च्याच गल्लीत. दुसरा: ७ टक्क्यांची बँक पाचव्याचा ४८ टक्के हिस्सा पीत होती, १४ वाली २० टक्केच पिईल. तुमच्या ड्राइव्हचा मूळ पाचवा १३५ च्या आसपास निघतो. आज ट्रान्सफॉर्मरमध्ये ७० दिसतो, उद्या १०७ दिसेल. म्हणून ड्राइव्हला ३ टक्क्यांचे लाइन चोक आधी, पॅनल नंतर. चोकने पाचवा साधारण निम्मा होतो आणि असंतुलनाचा डंखही ड्राइव्हला कमी बसतो.

तोपर्यंत दोन स्टेप लॉक करून २०० वर चालवा. एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकाला केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर) बिल येतं, त्यामुळे पूर्ण बँक बंद ठेवणं परवडणार नाही.

शून्यक्रम

आणि फुकटचा उपाय राहिला: आठ मशीनं तिन्ही जोड्यांत वाटा, ३-३-२. तीन जोड्यांत सारखा लोड एकाच वेळी चालला तर प्रत्येकाचा तिसरा आपसात फिरतो आणि लाइनमध्ये येतच नाही. ठोके एका वेळी पडत नाहीत, त्यामुळे पूर्ण फायदा मिळणार नाही, पण सरासरी असंतुलन निश्चित उतरेल. मशीन दुसऱ्या जोडीवर नेताना थायरिस्टर कंट्रोलरचा आणि कूलिंगच्या पाण्याच्या इंटरलॉकचा कंट्रोल सप्लाय कुठल्या फेजवरून घेतलाय ते पाहा. तो जुन्याच फेजवर राहिला तर फायरिंग चुकेल.

ॲक्टिव्ह फिल्टर वाईट नाही. चोक, वाटणी आणि १४ टक्के झाल्यावर पुन्हा मोजा, लागलाच तर निम्म्या अँपिअरचा पुरेल.

फीडर_पिलर

करंटची मर्यादा तपासताना टीएचडी नाही, टीडीडी. छेदात त्या क्षणाचा करंट नसतो, कमाल मागणीचा असतो. रात्री २० अँपिअर लोडवर ६० टक्के टीएचडी दिसली म्हणून घाबरू नका. २२ केव्हीची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटच्या वेळी लाइन किती ताकद देते तो आकडा) महावितरणकडून लेखी घ्या. समजा २५० एमव्हीए निघाली, तर ५०० केव्हीएशी गुणोत्तर ५००. त्या गटाला टीडीडी १५ टक्के आणि अकराव्याच्या खालच्या प्रत्येकाला १२ टक्के. चोक न लावता पाचवा १०७ झाला तर इथेच अडकाल.

कोथरूड_सोसायटी

थोडं अवांतर, पण विषय तोच. सोसायटीत कॉमन पॅनलचा न्यूट्रल तापतो. मूळ फ्रीक्वेन्सीचा करंट आर ६२, वाय ४८, बी ३१, प्रत्येकात तिसरा ३० टक्के. वायरमन म्हणतो फेज बॅलन्स केले की झालं.

शून्यक्रम

इथे तिसरा खराखुरा शून्यक्रम आहे. असंतुलनाचा न्यूट्रल करंट: वर्गांच्या बेरजेतून जोड्यांचे गुणाकार वजा, ७१०९ वजा ६३८६, वर्गमूळ २७ अँपिअर. तिसरा सरळ बेरीज: १८.६ + १४.४ + ९.३ = ४२.३. दोन्ही मिळून ५०. वायरमनने अगदी तंतोतंत वाटणी केली तरी २७ जातील, ४२ तसेच राहतील. ५० चे ४२, इतकाच फरक. वाटणी कराच, पण केबल पाहा. साडेतीन कोअरची असेल तर न्यूट्रल निम्म्या जाडीचा असतो, ७० चौरस मिमीला ३५. पूर्ण न्यूट्रलची चार कोअर केबल हवी. लग ॲल्युमिनियम आणि बसबार तांब्याची असेल तर मधे बायमेटॅलिक वॉशर आहे का तेही बघा, बऱ्याचदा ताप तिथलाच असतो. हा न्यूट्रल सुटला तर हलक्या लोडच्या फेजवर व्होल्टेज चढून घराघरातले टीव्ही जातात.

एलटी_इन्कमर

वेल्डिंग मशीनं ३-३-२ वाटली. वाय-बीला दोन. तिसरा आता बँक २०० वर असताना कमाल २२, असंतुलन १.७. दोन्ही ट्रिपणाऱ्या ड्राइव्हना चोक मागवलेत. १४ टक्क्यांच्या पॅनलच्या चौकशीत आणखी काय लिहू?

केव्हीएआर_काका

नेट केव्हीएआर कुठल्या व्होल्टेजला ते लिहा (४३३), नाहीतर ५२५ वरचा आकडा तुमच्या गळ्यात मारतील. तिसरा २ टक्के, पाचवा ६ टक्के गृहीत. रिॲक्टर कपॅसिटरच्या वरच्या कप्प्यात, खाली नको, गरम हवा वर जाते. एक्झॉस्ट पंख्याला थर्मोस्टॅट. आणि प्रत्येक रिॲक्टरच्या थर्मोस्विचची वायर त्या स्टेपच्या कॉन्टॅक्टर कॉइलच्या सिरीजमध्ये घेतलेली हवी. पॅनल आलं की दार उघडून आधी ती वायर शोधा. निम्म्या पॅनलमध्ये ती टाय मारून गुंडाळून ठेवलेली सापडते.